डॉल्बीच्या गावात टेक्नो

कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या ज्या पबमध्ये मी मशीनवर टेक्नो वाजवतो, तिथं स्टेज नाही. बारच्या कडेला दोन टेबलं जोडायची, वर काळं कापड टाकायचं, झालं. लॅपटॉप मुद्दाम नेत नाही. तो दिसला की फर्माइशी सुरू होतात. नुसत्या वायरी आणि मशीनं दिसली की लोक निदान विचारतात, ‘भावा, हे काय हाय?’

एक ड्रम मशीन, एक छोटा सिंथ म्हणजे सिंथेसायझर, मिक्सर. ड्रम मशीन मिडी केबलमधून, म्हणजे वाद्यं एकमेकांशी जुळवणाऱ्या वायरीतून, एका बीटला वेळेचे २४ इशारे पाठवतं, सिंथ त्यावर चालतो. १९८३ पासूनची पद्धत, अजून तीच.

खरी पंचाईत बेसची. गणपतीत डॉल्बीच्या भिंतीपुढं वाढलेलं हे गाव. छातीत धडधडलं नाही तर त्याला गाणं म्हणतच नाहीत. आणि पबचे स्पीकर आठ इंची, सबवूफर नाही. पन्नास हर्ट्झचा किक, म्हणजे ड्रमचा खोल ठोका, तिथं चक्क गायब होतो. म्हणून मी किकला थोडं डिस्टॉर्शन देतो, आवाज जरा फाडतो. मग त्याचे हार्मोनिक्स, म्हणजे पटीतले वरचे सूर, ऐकू येतात आणि खालचा सूर कान स्वतःच भरून घेतो. फसवणूकच, पण चालते!

‘हे परदेशी खूळ’ म्हणणाऱ्यांना मी हिंदी सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांचं नाव सांगतो. त्यांनी १९८२ मध्येच रोलंड कंपनीच्या ३०३ बेस सिंथ आणि ८०८ ड्रम मशीनवर राग वाजवले होते.

हाय-हॅटच्या, म्हणजे ड्रममधल्या झांजेच्या, जागी हलगी टाकली की मात्र कोपऱ्यातलं टेबलही वळून बघतं. मिनिटाला १२६ बीटच्या लयीत ती झकास बसते. मालकालाही तेवढंच आवडतं. पुढच्या शनिवारी मॅच आहे, गुरुवारी ये म्हणालाय.