साडेनऊच्या आधी येऊ नये

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहा वाजता मी घरून कामाचा एक ईमेल पाठवला आणि बुधवारी सकाळी साडेसातलाच कार्यालयात हजर झालो. शाबासकी मिळेल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात आमच्या विभागप्रमुख बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवले आणि साडेनऊपर्यंत मी काम सुरू करू नये, असे शांतपणे सांगितले. जर्मनीच्या 1994 च्या कामाच्या वेळांविषयीच्या कायद्यानुसार एका दिवसाचे काम संपल्यापासून पुढचे सुरू होईपर्यंत सलग अकरा तासांची विश्रांती द्यावी लागते. रात्रीच्या एका ईमेललाही हा नियम सगळीकडेच इतक्या काटेकोरपणे लावतात असे नाही, पण आमच्या बाई लावतात.

मला राग आला. बेळगावात वाढलेल्या माणसाला कामावर लवकर आल्याबद्दल परत पाठवणे हा अपमान वाटतो. माझे वडील उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत फोरमन होते आणि माल रवाना करण्याची तारीख जवळ आली की त्यांच्या घरी येण्याला वेळ नसे. आई ताट झाकून ठेवी. कायदा आपल्याकडे नव्हता असे कोणी समजू नये. दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा, पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट मजुरी, हे सारे 1948 च्या कारखाना कायद्यात लिहिलेले होते. कारखान्याच्या भिंतीवर त्याचा उतारा टांगलेला असे आणि त्यावर काजळी साचलेली असे.

ते दोन तास मी नेकर नदीच्या काठाने चालत काढले आणि तिथे मला आठवली ती वडिलांची भट्टी. यंत्राच्या बैठकीसाठी बिडाचे मोठे कास्टिंग ओतले की त्याचा जाड भाग उशिरा आणि पातळ भाग लवकर थंड होतो, आणि या ओढाताणीत धातूच्या आत ताण अडकून राहतो. असे कास्टिंग लगेच मशीनवर चढवले, तर वरचा थर कापताच आतला ताण मोकळा होऊन अचूक घासलेला पृष्ठभागसुद्धा वाकतो. म्हणून ते पुन्हा साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास तापवून भट्टीतच सावकाश थंड होऊ द्यायचे; पूर्वी तर अशी कास्टिंग्ज महिनोन्महिने उघड्या अंगणात उन्हापावसात नुसती ठेवून देत. (‘सावकाश’ हा शब्द आमच्याकडे मराठी आणि कानडी कामगार एकाच अर्थाने वापरतात, तेवढा एक शब्द सीमाप्रश्नातून सुटला आहे.) घाईच्या ऑर्डरसाठी कोणी भट्टीचे दार लवकर उघडले, तर एरवी शांत असलेले वडील संतापत. लोखंडाच्या विश्रांतीबद्दल इतका दक्ष असलेला हा माणूस स्वतः मात्र रक्तदाबाची गोळी खिशात ठेवून दुसऱ्या पाळीतही उभा राही.

साडेनऊला परतल्यावर रात्रीचा ईमेल उघडला, तेव्हा त्यात मी आराखड्याच्या जुन्या आवृत्तीची मापे लिहिली होती, हे दिसले. थकलेल्या डोळ्यांनी वाचवलेला अर्धा तास निस्तरण्यात पूर्ण दुपार गेली असती. बाईंनी चुकीचा उल्लेखही केला नाही. त्यांचा नियम मला तेव्हा दयेपेक्षा हिशेबाचा वाटला. अर्धवेळ काम करणाऱ्यांना धरून जर्मनीत माणूस वर्षाला सरासरी साधारण 1,340 तासच काम करतो, आणि तरीही या देशाची यंत्रे जगभर जातात, ती कदाचित अशाच हिशेबामुळे.

तरीही सगळेच इथले चांगले, असे मी म्हणणार नाही. इथे विश्रांती मिळते. तिच्यात सोबत कोणी नसते. माझा सहकारी अर्ध्या तासाची सुटी डबा उघडून खिडकीकडे पाहत संपवतो. खानापूर रस्त्यावरच्या टपरीवर वडील आणि त्यांचे सोबती अर्धा अर्धा चहा घेत मालकाला ज्या शिव्या देत, त्याने जो ताण उतरे, तो कोणत्याही कायद्याच्या कलमात बसणार नाही. मी इथे राहिलो तो केवळ पगारासाठी नव्हे, असे मी घरी नेहमी सांगतो. त्या बुधवारी ते पहिल्यांदा थोडे खरे वाटले.

संध्याकाळी फोनवर वडिलांना सगळी हकिकत सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले आणि मग काळजीने विचारले, “मग दोन तासांचा पगार कापला काय रे?” नाही म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि इथल्या भट्ट्या कशा असतात, दार उघडायच्या आधी किती वेळ थांबतात, हे विचारू लागले.