तक्ता पानाबाहेर का जातो, अक्षरं का कापली जातात: वर्डमधल्या टेबलांची दुरुस्ती

अ. क्र., तपशील, रक्कम, शेरा. सोसायटीच्या वार्षिक सभेचा अहवाल असो, मंडळाचा जमाखर्च असो की कार्यालयातली टिप्पणी, मराठीत टाइप होणारा तक्ता फिरून फिरून याच चार कॉलमांवर येतो. तो बिघडतोही ठरावीक पद्धतींनीच: उजवी कड पानाबाहेर जाते, रेषा एकाखाली एक येत नाहीत, वेलांट्या आणि रफार छाटले जातात, नाहीतर शेवटी एक कोरं पान छापून येतं. बहुतेक जण यावर एकच उपाय करतात, माउसने रेषा ओढून बघतात. माझं स्पष्ट मत आहे की रेषा ओढायची सवय सोडली तर निम्मा त्रास तिथेच संपतो. तक्ता आकड्यांवर उभा असतो, आणि ते आकडे जिथे लिहिलेले असतात तिथेच तो दुरुस्त करायचा.

आधी दोन गोष्टी चालू करा. कंट्रोल-शिफ्ट-८ दाबलं की परिच्छेदाच्या आणि टॅबच्या खुणा दिसू लागतात. लेआउट टॅबवरचं ‘व्ह्यू ग्रिडलाइन्स’ चालू केलं की बॉर्डर नसलेल्या सेलच्या, म्हणजे तक्त्यातल्या एकेका चौकोनाच्या, कडाही दिसतात. हा लेआउट म्हणजे टेबलात कर्सर ठेवल्यावर उजवीकडे उगवणारा टॅब. पानाच्या मापांचा लेआउट टॅब वेगळा. खुणा दिसल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नका. रिकामे एंटर आणि स्पेसबार दाबून सरकवलेला मजकूर त्याशिवाय लक्षातच येत नाही.

आता रुंदी. ए-फोर कागद २१ सेमी रुंद. दोन्ही बाजूंना २.५४ सेमी समास सोडला की मजकुरासाठी १५.९२ सेमी उरतात. लेटर आकाराचा कागद २१.५९ सेमीचा, म्हणजे तिथे १६.५१ सेमी मिळतात. पुष्कळ फाइली नकळत लेटर आकारावर सुरू झालेल्या असतात. तक्ता १६.५१ सेमीचा बनतो, छापायच्या वेळी कोणीतरी कागद ए-फोर करतो आणि उजवी कड ०.५९ सेमी समासात घुसते. म्हणून तक्ता पानाबाहेर जातोय असं दिसलं की पहिल्यांदा कागदाचा आकार तपासा, मग टेबलाकडे वळा.

कागद बरोबर असेल तर दोष ‘ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स’ या टीक-खुणेचा असतो. टेबलावर उजवं क्लिक, टेबल प्रॉपर्टीज, टेबल टॅब, ऑप्शन्स, तिथे ती सापडेल. ही टीक असेपर्यंत मजकूर टाइप होईल तसे कॉलम आपोआप फुगतात आणि आक्रसतात. ‘तपशील’मध्ये एखादा लांबलचक जोडशब्द किंवा वेबसाइटचा पत्ता आला की तो तुटत नाही, कॉलमच ढकलतो आणि ‘रक्कम’ चिमटली जाते. टीक काढा. मग त्याच खिडकीत ‘प्रिफर्ड विड्थ’ १०० टक्के करा आणि कॉलम टॅबवर जाऊन एकेक रुंदी आकड्यात लिहा. वरच्या चार कॉलमांसाठी १.२, ८.५, ३ आणि ३.२२ सेमी ही मापं ठीक बसतात. बेरीज बरोब्बर १५.९२ येते. शेरा रिकामाच राहणार असेल तर त्यातला एखादा सेमी रकमेला द्या, कारण कोटींतला आकडा स्वल्पविराम आणि पैशांसकट एका ओळीत मावायला हवा.

‘अ. क्र.’चा कॉलम थोडा जवळून बघण्यासारखा आहे. कॉलम १.२ सेमीचा असला तरी डावीउजवीकडे ०.१९ सेमीची आतली जागा ठरलेली असते, म्हणजे अंकासाठी ०.८२ सेमीच उरतात. तिथे वर्डचं आपोआप क्रमांकन लावलं की नेहमीच्या मापांनुसार अंक ०.६३ सेमीवरून सुरू होतो आणि त्यापुढचा मजकूर १.२७ सेमीवर, म्हणजे थेट कॉलमच्या बाहेर. ९ पर्यंत कसंबसं निभावतं. १० आला की अंक उजव्या रेषेला जाऊन भिडतो, तुटतो नाहीतर रोची (आडव्या ओळीची) उंची विनाकारण वाढते. मग लोक कॉलमच रुंद करतात. त्याऐवजी क्रमांकावर उजवं क्लिक करून ‘अ‍ॅडजस्ट लिस्ट इंडेंट्स’ उघडा, दोन्ही इंडेंट (डावीकडून सोडलेली जागा) शून्य करा आणि ‘फॉलो नंबर विथ’मध्ये ‘नथिंग’ निवडा. मग अंक सेलमध्ये मधोमधही ठेवता येतो आणि १.२ सेमी पुरून उरतात.

रेषा जिन्यासारख्या वरखाली सरकल्या असतील तर रेषा ओढताना एखादी सेल निवडलेली होती, हे त्याचं कारण. अशा वेळी फक्त त्या सेलची कड हलते, बाकी कॉलम जागच्या जागी राहतो. ओढायचंच असेल तर आधी काहीही निवडलेलं नाही याची खात्री करा. शिफ्ट धरून ओढलं तर शेजारच्या कॉलमची रुंदी बदलत नाही, पूर्ण तक्ता तेवढा लहान किंवा मोठा होतो. ऑल्ट धरून ओढलं तर वरच्या पट्टीवर नेमकी मापं दिसतात.

तक्ता फारच विस्कटला असेल, विशेषतः वेबपानावरून किंवा स्कॅन केलेल्या पीडीएफमधून आलेला असेल, तर एकेक कड जुळवत बसू नका. पूर्ण तक्त्याचा मजकूर करा आणि पुन्हा तक्ता बनवा. फक्त त्याआधी एक काम हवं. सेलच्या आत एंटर दाबून केलेले परिच्छेद असतील तर रूपांतरात त्यांच्या वेगळ्या रो होतात आणि हिशेब उलटापालटा होतो. म्हणून तक्ता निवडून ‘फाइंड अँड रिप्लेस’ उघडा. ‘मोअर’खालच्या ‘स्पेशल’ बटणातून शोधायच्या जागी ‘पॅराग्राफ मार्क’ आणि बदलायच्या जागी ‘मॅन्युअल लाइन ब्रेक’ घाला. मग लेआउटमधून ‘कन्व्हर्ट टू टेक्स्ट’, वेगळं करणारी खूण म्हणून टॅब. सेलमध्ये आधीच टॅब असतील तर उभी दांडी (|) द्या. नंतर तोच मजकूर निवडून इन्सर्ट, टेबल, ‘कन्व्हर्ट टेक्स्ट टू टेबल’. तक्ता कोरा करकरीत मिळतो. जोडलेल्या सेल मात्र सुटतात, त्या पुन्हा जोडाव्या लागतात. आणि सेल उभ्या जोडायचं काम नेहमी सगळ्यात शेवटी करा. जोडलेली सेल दोन पानांवर गेली तर तिचा मजकूर पहिल्या पानावरच राहतो, दुसऱ्या पानावर नुसती रिकामी चौकट दिसते.

उंचीचा भाग मराठीसाठी सगळ्यात महत्त्वाचा, कारण इंग्रजी तक्त्यात जे खपून जातं ते देवनागरीत खपत नाही. आपल्या अक्षराच्या डोक्यावर रफार, मात्रा, अनुस्वार असतात आणि पायाशी उकार आणि जोडाक्षरांचे खालचे भाग. उंचीची दोन ठिकाणं असतात आणि दोन्हीकडे ‘एक्झॅक्टली’ हाच शब्द असल्याने गोंधळ होतो. टेबल प्रॉपर्टीजच्या रो टॅबवर ‘एक्झॅक्टली’ असेल तर रोची उंची बांधली जाते आणि न मावलेल्या खालच्या ओळी दिसेनाशा होतात. मजकूर फाइलमध्ये असतो, कागदावर येत नाही. हिशेबाच्या कागदात हे फार धोक्याचं आहे. तिथे ‘अ‍ॅट लीस्ट’ करा आणि किमान ०.८ सेमी द्या. दुसरीकडे, परिच्छेदाच्या लाइन स्पेसिंगमध्ये ‘एक्झॅक्टली’ १२ पॉइंट असेल तर ‘कर्मचाऱ्यांची’ या शब्दातला रफार आणि वेलांटीचा माथा छाटला जातो. तिथे ‘सिंगल’ किंवा ‘अ‍ॅट लीस्ट’च हवं.

मजकूर उभ्या दिशेने मधोमध ठेवूनही वर सरकलेला दिसत असेल तर परिच्छेदाखालची जागा बघा. नवीन फाइलमध्ये साध्या परिच्छेदाखाली सहसा ८ पॉइंट सुटलेले असतात. तीच जागा सेलमध्ये आली की मजकूर तेवढा वर ढकलला जातो. तक्ता निवडून परिच्छेदाच्या स्पेसिंगमधले ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ दोन्ही शून्य करा.

अक्षरांचा आकार बदलूनही मराठी मजकूर तसाच राहिला तर कंट्रोल-डी दाबा. तिथे लॅटिन आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असे दोन वेगळे कप्पे दिसतील. देवनागरी दुसऱ्या कप्प्यात येते, त्यामुळे फाँट आणि आकार दोन्हीकडे लिहावा लागतो. सेलच्या ऑप्शन्समधली ‘फिट टेक्स्ट’ ही टीक मात्र कधीही वापरू नका. ती अक्षरं आडवी दाबून एका ओळीत कोंबते आणि एकाच कॉलममध्ये चार जाडीची अक्षरं दिसू लागतात.

पान उलटताना शीर्षकाची रो पुन्हा यावी म्हणून पहिली रो निवडून लेआउटवरचं ‘रिपीट हेडर रोज’ दाबतात, आणि तरीही ती येत नाही. कारणं तीन. शीर्षक दोन रोंचं असताना फक्त दुसरीच निवडलेली असते. निवड पहिल्या रोपासून सुरू व्हायला हवी. किंवा तक्त्यात कंट्रोल-एंटर मारलेलं असतं, त्यामुळे तक्त्याचे दोन तुकडे झालेले असतात. तिथे पान तोडायचंच असेल तर त्या रोच्या पहिल्या परिच्छेदाला ‘पेज ब्रेक बिफोर’ लावा, तक्ता अखंड राहतो. तिसरं कारण ‘टेक्स्ट रॅपिंग’. कोपऱ्यातल्या चार बाणांच्या खुणेला धरून तक्ता सरकवला की हे गुपचूप ‘अराउंड’ होतं, तक्ता तरंगू लागतो आणि शीर्षक पुढच्या पानावर येत नाही. ‘नन’ करा आणि तक्ता मधोमध हवा असेल तर अलाइनमेंटमधून ठेवा.

एकच नोंद अर्धी या पानावर आणि अर्धी त्या पानावर जात असेल तर ‘अलाउ रो टू ब्रेक अ‍ॅक्रॉस पेजेस’ काढा. पण एखाद्या रोमध्ये अर्धं पान मजकूर असेल तर ती पूर्ण रो खाली उडी मारेल आणि वर मोठी पोकळी राहील. तेवढ्या रोपुरती टीक ठेवा. छोटा तक्ता एकाच पानावर हवा असेल तर शेवटची सोडून सगळ्या रो निवडून ‘कीप विथ नेक्स्ट’ लावा. सह्यांचा तक्ता तर असाच बांधावा, नाहीतर अध्यक्षांची सही एका पानावर आणि सचिवांची दुसऱ्यावर जाते.

शेवटचं कोरं पान डिलीट होत नाही, कारण टेबलाखाली एक परिच्छेद असावाच लागतो, असा वर्डचा नियम आहे. तो निवडून अक्षर १ पॉइंट, वरखालची जागा शून्य आणि लाइन स्पेसिंग ‘एक्झॅक्टली’ १ पॉइंट करा. ‘एक्झॅक्टली’चा एवढाच उपयोग मला मान्य आहे.

लिब्रेऑफिस रायटरमध्ये कारणं हीच, जागा वेगळ्या. तिथे टेबल प्रॉपर्टीजमध्ये अलाइनमेंट ‘ऑटोमॅटिक’ असेल तर रुंदीचा आकडा बदलताच येत नाही. आधी ‘लेफ्ट’ किंवा ‘मॅन्युअल’ करावं लागतं. शीर्षकाची पुनरावृत्ती आणि रो तोडण्याची परवानगी ‘टेक्स्ट फ्लो’ टॅबवर मिळते. गूगल डॉक्समध्ये शीर्षकाची रो ‘पिन’ करतात आणि रोची किमान उंचीच देता येते, त्यामुळे मजकूर कापला जाण्याचा प्रश्न कमी येतो.

एवढं सगळं करूनही दुसऱ्याच्या संगणकावर तक्ता मोडत असेल तर फाँट बघा. विंडोज १० पासून मंगल आपोआप येतोच असं नाही, तो देवनागरीच्या पुरवणी फाँटांत गेला आहे. मंगलमध्ये बांधलेला तक्ता तिथे दुसऱ्या फाँटात उघडतो, अक्षरांची रुंदी आणि ओळींची उंची बदलते आणि पानंही सरकतात. विंडोज ८ पासून सोबत येणारा निर्मला यूआय घेतला तर हा प्रश्न पुष्कळ कमी होतो. फाइलमध्ये बदल होणार असतील तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे ‘एम्बेड फाँट्स इन द फाइल’ चालू करा. नुसतीच छापायची असेल तर पीडीएफ पाठवा.