मैलकुलीची लेक आप्पियाच्या रस्त्यावर

रोम, रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

मनगटं अजून झिणझिणतायत. सायकल परत देऊन चार तास झाले, तरी दगडांचा ठोका हातातून जात नाही. झोपण्याआधी लिहून काढते, नाहीतर उद्या यातलं निम्मं विसरेन.

"आई, गुडघ्यांची काळजी करू नकोस, सायकलला बॅटरी आहे," असं लेक गेले आठ दिवस सांगत होती. मी शेवटची सायकल चालवली ती लग्नाआधी, कोल्हापुरात. दुकानातल्या मुलीनं सीट खाली करून दिली, ब्रेक दाबून दाखवले. पायडल मारलं की मोटर हात देते, पाय थांबला की तीही थांबते. ताशी २५ किलोमीटरच्या पुढे मात्र ती साथ सोडते, इकडचा कायदाच तसा आहे. पहिल्या चढाला मागून कुणीतरी धरून ढकलतंय असं वाटलं. मला सायकल शिकवताना अण्णा, माझे वडील, असेच कॅरिअर धरून पळायचे. मग दिवसभर ते डोक्यातून गेलेच नाहीत.

अण्णा मैलकुली होते. हा शब्द आता किती जणांना कळेल कोण जाणे. बी अँड सी, म्हणजे सरकारी बांधकाम खात्यात रस्त्याचा एकेक तुकडा एकेका माणसाच्या हवाली असायचा. खड्डे बुजवायचे, साईडपट्टीवर मुरूम टाकायचा, पावसाळ्याआधी चर काढायचे, झाडांना चुना-गेरूचे पट्टे मारायचे आणि मैलाचे दगड रंगवायचे. अण्णांचा तुकडा गगनबावड्याच्या रस्त्यावर होता. दगडांवर किलोमीटर आले, तरी ते शेवटपर्यंत त्यांना मैलाचे दगडच म्हणायचे.

तर आज आम्ही ज्या रस्त्यावर गेलो तो विया आप्पिया. इसवी सनापूर्वी ३१२ मध्ये आप्पियस क्लॉडियस नावाच्या अधिकाऱ्यानं काढला. रोमला पहिला पाण्याचा पाट आणणाराही तोच. रस्ता आधी कापुआ शहरापर्यंत होता, पुढे वाढत वाढत पार ब्रिंडिसीच्या बंदरापर्यंत गेला. गेल्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये, युनेस्कोनं याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, आणि ती बैठक आपल्या दिल्लीत झाली होती. हे मला आज वाटाड्या मुलीकडून कळलं. मी भारतातून आले म्हटल्यावर तिनं ते मुद्दाम सांगितलं. पुरातत्त्व शिकलेली पोरगी, बोलताना स्वतःच्या वाड्याबद्दल सांगावं तसं सांगत होती.

शहराच्या जुन्या तटबंदीतल्या सान सेबास्तियानो दरवाजातून बाहेर पडलो. जरा पुढे उजव्या हाताच्या भिंतीत पहिल्या मैलाचा खांब बसवलेला आहे. मी सायकल थांबवून उतरलेच. गोल खांब, माणसाच्या उंचीहून मोठा. रोमन मैल म्हणजे हजार दुहेरी पावलं, आपल्या हिशोबात साधारण १४८० मीटर. पण भिंतीतला हा खांब नक्कल आहे. खरा कधीच उचलून शहरात कॅपिटोल टेकडीच्या कठड्यावर शोभेला नेऊन ठेवला. मला ते आवडलं नाही. मैलाचा दगड जागेवरून हलवला की तो नुसता दगड होतो.

कॅटॅकोंबपाशी थोडा वेळ थांबलो. मऊ दगडात कोरत नेलेली भुयारं, त्यांत थडग्यांच्या ओळी. मला खाली गुदमरल्यासारखं झालं आणि मी लवकर वर आले.

त्यानंतर चेचिलिया मेतेल्लाची समाधी. तीसेक मीटर व्यासाचा गोल बुरूज, वर मध्ययुगात एका सरदार घराण्यानं किल्ल्यासाठी चढवलेले दाते. भिंतीवर संगमरवरात बैलांच्या मुंडक्यांची आणि माळांची पट्टी आहे, त्यावरून या भागाला कापो दि बोवे, म्हणजे बैलाचं डोकं, असं नाव पडलं. बेंदराला आमच्याकडे बैलांच्या गळ्यात घालतात तशाच माळा. शिलालेख जेमतेम दोन-तीन ओळींचा: क्रेतिकुसची मुलगी, क्रॅससची बायको. एवढी मोठी समाधी आणि बाईबद्दल एवढंच. ती कशी होती, कशानं गेली, एक अक्षर नाही.

मेलेल्याला शहराच्या हद्दीत पुरायचं नाही असा रोमचा जुना कायदा होता, म्हणून थडगी वेशीबाहेर, रस्त्याच्या दोन्ही अंगांना बांधली गेली. वाटसरूनं थांबावं, नाव वाचावं, आठवण काढावी म्हणून. कितीतरी थडग्यांवर "थांब, वाटसरू" अशीच सुरुवात असायची.

समाधीच्या पुढे खरा जुना रस्ता उघडा पडतो. मोठमोठे काळे दगड, कडा झिजून गोल झालेल्या, कुठे कुठे चाकोऱ्या पडलेल्या. मी खाली वाकून हात लावला आणि क्षणभर गलबलून आलं. बेसाल्ट! आमचाच काळा पाषाण, ज्याच्यावर अख्खा सह्याद्री उभा आहे. इथला मात्र आल्बान टेकड्यांच्या ज्वालामुखीतून आला. अडीच लाखांवर वर्षांपूर्वी लाव्ह्याची एक जीभ वाहत रोमच्या दिशेनं आली आणि मेतेल्लाच्या समाधीपाशी थांबली. रस्त्याला लागणारा दगड रस्त्याच्या कडेलाच मिळाला. आपला पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, हा त्याच्यापुढे कालचा पोरगा. पण हाताला गारवा तोच.

मग मी अण्णांच्या नजरेनं बघायला लागले. रुंदी चार मीटरच्या आसपास, म्हणजे समोरासमोर आलेल्या दोन गाड्या सुटतील एवढी. दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी कडेचे दगड लावून केलेली पट्टी. मध्ये रस्ता किंचित फुगलेला, दोन्हीकडे उतार, बाहेर चर. "पाणी थांबलं की रस्ता मेला," हे अण्णांचं रोजचं वाक्य. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की रात्री उठून, पोतं डोक्यावर घेऊन चर बघायला जायचे. सरळ रेघ तर अशी की इथून तेर्राचिनापर्यंत जवळजवळ ९० किलोमीटर रस्ता वळायचं नावच घेत नाही. वाटाड्या मुलीला मी लेकीकडून विचारलं, की पहिल्यापासून हा दगड होता का. ती म्हणाली, नाही, आधी खडी-मुरूमच होता, दगड नंतर बसवले. मला बरं वाटलं. म्हणजे ज्यांनी तो पहिला मुरूम पसरला ते अण्णांच्याच जातकुळीचे.

दगडांवरून सायकल नेणं हे हाडं खिळखिळी करणारं काम आहे. बाकीचे कडेच्या मातीच्या पायवाटेनं गेले. मी शंभरेक मीटर दगडांवरूनच गेले. मोटर बंद केली. मला तो रस्ता अंगावर घ्यायचा होता.

पाइनच्या छत्र्यांखाली पाणी प्यायला बसलो तेव्हा वाटाड्या मुलीनं गुलामांचा पुढारी स्पार्टाकस याचं सांगितलं. इसवी सनापूर्वी ७१ मध्ये गुलामांचं बंड मोडलं आणि जिवंत सापडलेल्या ६००० जणांना याच रस्त्यावर, कापुआपासून रोमपर्यंत, क्रुसांवर टांगलं. मी मोबाईलवर हिशोब केला. कापुआ ते रोम रस्ता साधारण १९५ किलोमीटरचा, म्हणजे दर बत्तीस मीटरला एक माणूस. गगनबावड्याच्या रस्त्यावर वडाची झाडं असायची, साधारण तेवढ्याच अंतरावर. मला पुढचा घोट घेता आला नाही. ज्यानं त्यांना टांगलं तो थोरला क्रॅसस, आणि चेचिलिया मेतेल्ला ही बहुतेक अभ्यासकांच्या मते त्याच्याच मुलाची बायको. सुनेची समाधी दोन हजार वर्षं उभी आहे. त्या सहा हजारांपैकी एकाचाही दगड नाही.

म्हणूनच पुढे दिसलेल्या एका थडग्यापाशी मी सगळ्यांत जास्त थांबले. तीन माणसांचे चेहरे कोरलेली शिळा. हेर्मोदोरस आणि देमारिस हे मालकानं मोकळे केलेले गुलाम, आणि शेजारी उसिया प्रिमा, इसिस देवीची पुजारीण. इथली शिळा नक्कल आहे, मूळ संग्रहालयात जपून ठेवली आहे. देमारिस सरळ समोर बघते. गुलामगिरीतून सुटल्यावर त्यांनी पैसे जोडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपला चेहरा दिसावा म्हणून या रस्त्यावर जागा घेतली. अण्णांचा एकच फोटो आहे आमच्याकडे, खात्याच्या ओळखपत्रावरचा. तेही असेच सरळ बघतात.

लेकीनं आठवण करून दिली की १९६० च्या ऑलिंपिकची मॅरेथॉन याच रस्त्यावरून गेली. इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावला, अंधार पडल्यावर, सैनिकांनी धरलेल्या मशालींच्या उजेडात, आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत पहिला आला. ज्या देशानं त्याचा देश पंचवीस वर्षांपूर्वी बळकावला होता त्याच्याच राजधानीत. मी पायातले बूट काढून एका दगडावर उभी राहिले. अण्णा तापल्या डांबरावर टायरच्या पायताणात दिवस काढायचे, त्यांचे तळवे मला आठवले.

दुपारी पाण्याच्या कमानी बघायला गेलो. क्लॉडिया नावाचा पाट सम्राट कॅलिगुलानं इसवी सन ३८ साली सुरू केला, पुढचा सम्राट क्लॉडियसनं ५२ मध्ये पुरा केला. जवळजवळ ६९ किलोमीटर लांब. बहुतेक वाट जमिनीखालून, फक्त शहराजवळच्या सपाटीवर कमानींवर चढवलेली, काही कमानी २७-२८ मीटर उंच. कुठे पंप नाही, नुसता उतार. रस्त्यावरचं पाणी बाहेर काढायचं आणि पाटातलं पाणी हळूहळू आत आणायचं, दोन्हीला नजर एकच लागते. ५३७ मध्ये गॉथ लोकांनी वेढा घालून पाट तोडले आणि रोम तहानलं. आता कमानींच्या सावलीत पोरं फुटबॉल खेळत होती. शेजारच्या नळाचं भोक बोटानं दाबलं की वरच्या छिद्रातून पाण्याची धार उडते, तोंड लावून प्यायची. रोममध्ये रस्तोरस्ती असे नळ आहेत, रात्रंदिवस वाहणारे.

परतताना काफारेल्लाच्या खोऱ्यात मेंढ्यांचा कळप आडवा आला. राजधानीच्या पोटात धनगर! सगळे सायकली थांबवून उभे राहिले. कुणी घाई केली नाही. शाळेच्या सहलीत कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीला सापडलेली समुद्रदेवाची इवलीशी रोमन मूर्ती दाखवली होती, ती तिथं उभ्या उभ्या आठवली. एवढीशी मूर्ती समुद्र ओलांडून, घाट चढून पंचगंगेकाठी पोचली. ती ज्या ज्या रस्त्यांनी आली त्यांचे चर कुणीतरी काढलेच असतील.

घरी आल्यावर धाकट्याला फोन लावला. गगनबावडा रस्ता रुंद झाला तेव्हा अण्णांनी रंगवलेले दगड काय झाले, असं विचारलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अगं आक्का, एक आपल्याच परड्यात हाय. आईनं मागून आणला होता, धुणं बडवायला." मला माहीतच नव्हतं. त्याला म्हटलं, सकाळी उजेडात त्याच्यावरचं शेवाळ काढ आणि आकडा वाचता येतो का बघ. फोटो पाठवतो म्हणालाय.