बोटीचं इंजिन, बॅटऱ्या आणि एक हिरवा पडलेला प्लग

नॅरोबोटीवर, म्हणजे इंग्लंडच्या कालव्यांतल्या लांब-अरुंद बोटीवर, कायम राहणाऱ्यांचं इंजिन बोट हाकण्यापेक्षा बॅटऱ्या भरण्यासाठीच जास्त चालतं. एवढं ध्यानात घेतलं की देखभालीचं सगळं गणित बदलतं.

आमची बोट सत्तावन्न फुटी, रुंदीला जेमतेम सात फूट. इंग्लंडमधले बरेच जुने लॉक (बोटीला वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दारांचे हौद) तेवढेच अरुंद असल्याने बोटीही तशाच बांधल्या गेल्या. आम्ही ग्रँड युनियन कालव्यावर, नॉर्थम्प्टनशायरच्या टापूत फिरत असतो. कायमचा धक्का घेतलेला नाही, त्यामुळे परवान्याच्या नियमाप्रमाणे एका जागी जास्तीत जास्त १४ दिवस थांबायचं आणि पुढे सरकायचं. किनाऱ्यावरून वीज मिळत नाही. फ्रिज, पाण्याचा पंप, दिवे, माझ्या कामाचा लॅपटॉप, सगळा भार १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर. उन्हाळ्यात छतावरच्या सोलर पॅनेलवर छान भागतं. डिसेंबरात दिवस आठ तासांचा, सूर्य क्षितिजाला टेकलेला, तेव्हा पॅनेलं जवळपास काहीच देत नाहीत. मग रोज दोन-तीन तास इंजिन. तेही शेजारी बोटी असतील तर रात्री ८ ते सकाळी ८ या वेळात चालवायचं नाही. ऑइल बदलायला सांगितलेले २५० तास अशाने हिवाळ्याच्या तीन महिन्यांतच भरतात, बोट फारशी हललेली नसली तरी.

गेल्या हिवाळ्यात दोन गोष्टी एकदमच समोर आल्या. बोट सेफ्टीचं प्रमाणपत्र दर ४ वर्षांनी घ्यावं लागतं, ते संपत आलं होतं आणि त्याशिवाय परवाना मिळत नाही. दुसरं म्हणजे आम्हाला स्टोक ब्रुअर्नकडे जायचं होतं, आणि वाटेत ब्लिसवर्थचा बोगदा. हा बोगदा १८०५ साली खुला झाला, लांबी सुमारे २.८ किलोमीटर. आत काठाला चालायची वाट नाही. पूर्वी माणसं बोटीवर आडवी पडून भिंतीवर पाय मारत बोटी न्यायची. मध्येच इंजिन बंद पडलं तर उतरून दोर ओढायची सोय नाही. आणि आमचं इंजिन थंडीच्या सकाळी किल्ली फिरवली की नुसतं ‘टक’ करून गप्प बसायचं. चार-पाचदा फिरवल्यावर लागायचं. लागल्यावरही अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटऱ्या भरणाऱ्या जनित्राचा) लाल दिवा रेस वाढवेपर्यंत विझायचा नाही.

आधी सर्व्हिसिंग उरकलं. बोटीत इंजिन अगदी तळाशी बसवलेलं असतं, खाली हात जाईल एवढीसुद्धा जागा नसते. म्हणून ऑइल खालून सोडत नाहीत. इंजिनाच्या कडेला पितळी हातपंप असतो, त्याने उपसून काढतात. त्याआधी इंजिन पंधरा मिनिटं चालवून ऑइल गरम केलं तर ते पातळ होऊन मळासकट येतं. फिल्टर काढताना खाली जुन्या टॉवेलांचा थर लागतो, कारण सांडलेलं ऑइल बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, गेलं आणि बिल्ज पंपाने ते कालव्यात फेकलं तर पाण्यावर तवंग पसरतो. बदकांची पिल्लं तिथेच पोहत असतात. या बाबतीत मी कुणालाही सूट देत नाही.

डिझेलचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टाकी अर्धी रिकामी राहिली की थंडीत आतल्या पत्र्यावर दव धरतं, ते पाणी तळाशी साचतं आणि पाणी नि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढून काळा बुळबुळीत गाळ होतो. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बरणीत धरलं. लाल रंग घातलेल्या डिझेलखाली बोटभर पाणी स्पष्ट दिसत होतं. बरणीत स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहिले. मग दोन्ही फिल्टर बदलले आणि हवा काढली: फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंपाची छोटी दांडी मारत राहायचं, फेस थांबून सलग धार लागली की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा.

कूलिंगचा भाग इथे सोपा. बोटीच्या कडेच्या पत्र्याला आतून एक चपटी टाकी वेल्ड केलेली असते, इंजिनाचं पाणी तिच्यातून फिरतं आणि बाहेरच्या कालव्याच्या पाण्याने थंड होतं. कालव्याचं पाणी आत घेतलंच जात नाही, त्यामुळे चोकअपची भानगड नाही. कूलंटमध्ये अँटीफ्रीझ आणि पाणी निम्मं-निम्मं आहे ना, एवढं पाहिलं.

प्रॉपेलरचा दांडा जिथून बोटीबाहेर जातो तिथली ग्लँड (पाणी आत येऊ न देणारी जुळणी) मात्र मला पाहताक्षणी ओळखीची वाटली. गावाकडच्या पाण्याच्या पंपाला जशी ग्लँड दोरी असते, अगदी तशीच. दांडा फिरताना अधूनमधून थेंब पडलाच पाहिजे. ठणठणीत कोरडी केली तर दांडा तापतो आणि त्याच्यावर चरे पडतात. दोन्ही नट सारखे, पाव-पाव फेरा आवळले आणि ग्रीसचा कप भरला.

उरला तो ‘टक’ आवाज. आसपासच्या बोटींवरून बरेच सल्ले आले, बहुतेकांचं म्हणणं सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, बदला. आमच्या इंजिनाचा मूळ ब्लॉक कुबोटाचा, आणि तासगावला माझ्या दादाचं गॅरेज आहे. द्राक्षबागेतले छोटे कुबोटा ट्रॅक्टर त्याच्या हाताखालून रोज जातात. त्याला व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकवला.

“अगं, सेल्फ खोलायची घाई करू नकोस. आधी करंट कुठवर पोचतोय ते बघ. आणि लोड असताना बघ, नुसते व्होल्ट बघून काही कळत नाही.”

या ‘लोड असताना’मध्येच सगळं आलं. मल्टिमीटर स्वतः जवळपास काहीच करंट ओढत नाही, म्हणून गंजलेल्या पिनेतूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. वायरीतून खरा करंट वाहू लागला तरच मध्ये किती व्होल्ट गळतात ते कळतं. नवऱ्याला किल्ली धरायला सांगितली आणि मी मीटर घेऊन इंजिनाशी बसले. बॅटरीच्या टोकांवर १२.६, किल्ली फिरवल्यावर १२.५. म्हणजे बॅटरी दमलेली नाही, आणि सेल्फ करंट ओढतच नाहीये. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत फरक नगण्य, म्हणजे अर्थिंगही ठीक. सेल्फच्या जाड वायरीवर १२.५. आणि सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट जोडून देणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या) बारीक वायरीवर, किल्ली फिरवलेली असताना, ८.७.

जवळजवळ ४ व्होल्ट वाटेतच गायब. ही बारीक वायर इंजिनावरून पॅनेलच्या किल्लीपर्यंत जाते आणि तिथून पुन्हा मागे येते, आणि जाता-येता दोन्ही वेळा एकाच मोठ्या प्लगमधून जाते. तो प्लग इंजिनाच्या मागे, दमट हवेत लोंबकळत होता. बॅटरीचा मेन स्विच बंद करून उघडला तर दोन पिना हिरव्यागार पडलेल्या, आणि एकीभोवतीचं प्लास्टिक उष्णतेने तपकिरी झालेलं. लाल दिव्याचंही कोडं तिथेच सुटलं: अल्टरनेटरला सुरुवातीला जागं करणारा थोडासा करंट त्या दिव्यातूनच जातो, आणि त्याची वाटही याच प्लगमधून.

पिना घासल्या असत्या तर काही महिने भागलं असतं. पण सोलेनॉइड ओढण्याचा भार एवढ्या लांबच्या, बारीक वायरीवर टाकणंच मला पटत नव्हतं. म्हणून इंजिनाजवळ एक रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवला. सेल्फच्या जाड टोकावरून फ्यूजमार्गे रिलेत आणि तिथून हातभर जाड वायरीने सोलेनॉइडला. किल्लीकडे आता रिले चालवण्याएवढाच नाममात्र करंट जातो. प्लग नवा घातला. वायरींची टोकं चांगल्या क्रिम्पिंगच्या पकडीने दाबली, वरून गरम केली की आवळणारी, गोंदवाली हीटश्रिंक नळी. सोल्डर मुद्दाम टाळलं, कारण थरथरीने वायर सोल्डरच्या कडेलाच तुटते. नंतर सोलेनॉइडवर ११.८ मिळाले आणि इंजिन पहिल्या फेऱ्यात लागलं. लाल दिवाही लगेच विझला.

फ्रिज-दिवे चालवणाऱ्या घरगुती बॅटऱ्यांची तपासणी त्यामानाने संथ काम. ११० अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्या म्हणजे कागदावर ४४०, पण लेड-ॲसिडमधून निम्म्याहून जास्त काढलं तर त्यांचं आयुष्य झपाट्याने घटतं. बॅटऱ्या भरल्या का हे व्होल्टेजवरून ठरवता येत नाही. १४.४ व्होल्टवर चार्जिंग चालू असताना करंट उतरत उतरत क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांवर, म्हणजे आमच्याकडे ५ ते ८ अँपिअरवर, आला की भरल्या समजायचं. शेवटचे वीस टक्के भरायला तासन् तास लागतात, आणि हिवाळ्यात तेच राहून जातं. रोज अर्धवट भरलेल्या प्लेटांवर सल्फेट चढत जातं. मी चारही सुट्या करून रात्रभर ठेवल्या. सकाळी तिघी १२.७च्या आसपास, एक १२.१. ती एकटी बाकीच्यांना खाली ओढत होती. चारही बदलल्या, कारण जुन्या-नव्या एकत्र बांधल्या की नव्याही लवकर जातात. जोडताना पॉझिटिव्ह पहिल्या बॅटरीवरून आणि निगेटिव्ह चौथ्यावरून घेतलं, म्हणजे भार सगळ्यांवर सारखा पडतो.

लिथियम घ्या असं बरेच जण सुचवतात. पण लिथियम बॅटरी अल्टरनेटरमधून मिळेल तेवढा करंट एकदम ओढते, अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये करंट मर्यादेत ठेवणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवा. शिवाय शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, आणि आमच्या बॅटऱ्या मागच्या थंड कप्प्यात आहेत. तो कप्पा आधी उबदार करायचा, मग लिथियम.

तपासनीस आले तेव्हा त्यांनी बॅटऱ्या पट्ट्याने घट्ट बांधल्यात का, टोकांवर झाकणं आहेत का, डिझेलच्या नळ्या, गॅसचा कप्पा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, सगळं पाहिलं. प्रमाणपत्र मिळालं. त्याच आठवड्यात बोगदा पार केला. आत समोरून एक बोट आली. दोन नॅरोबोटी शेजारून जातील एवढी रुंदी तिथे आहे. पूर्ण वेळ ऑइल प्रेशर आणि तापमानाचे काटे जागेवर होते.

आता पुढचं मोठं काम बोट पाण्याबाहेर काढून तळाला काळा रंग देण्याचं. तेव्हाच ग्लँड दोरी नवी भरायची आहे आणि तळाचे, पोलादाऐवजी स्वतः झिजणारे मॅग्नेशियमचे ॲनोड किती झिजलेत तेही पाहायचं आहे.