‘इतर’चा रकाना

घरखर्चाचं अंदाजपत्रक करायला बसलेल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. महिन्याची पहिली तारीख, कोरी वही किंवा कोरं स्प्रेडशीट, आणि मनात शिस्तीचा नवा उमाळा. भाडं किंवा घराचा हप्ता, किराणा, वीज, प्रवास, मुलांच्या फिया, औषधं, विमा, बचत. एकेक आकडा जागेवर बसत जातो. बेरीज जमेपेक्षा कमी भरते आणि माणूस खूश होतो. मग अगदी शेवटी, कागद संपता संपता, तो आणखी एक रकाना आखतो आणि वर लिहितो ‘इतर’. त्यात ठोकळ, गोल असा आकडा टाकतो. इथे डोकं चालवण्यासारखं काही नाही, अशी त्याची खात्री असते.

मला वाटतं, डोकं चालवायचं ते तिथेच. भाडं कुणाला दगा देत नाही. ते दर महिन्याला तेवढंच असतं, ठरल्या दिवशी जातं, त्याची सगळ्यांना सवय असते. विजेचं बिलही थोडं मागेपुढे होतं, एवढंच. महिना कोलमडतो तो या शेवटच्या रकान्यापाशी. चष्म्याची काच फुटते. नळ गळायला लागतो. फोन हातातून निसटतो. कुणीतरी आजारी पडतं आणि ताबडतोब गाडी पकडावी लागते. शाळा आदल्या रात्री कळवते की उद्या अमुक रंगाचा पोशाख हवा. प्रत्येक वेळी घरात एकच वाक्य उच्चारलं जातं, ‘हे काय दर महिन्याला थोडंच असतं!’ ते खरंही असतं. चष्मा दर महिन्याला फुटत नाही. दर महिन्याला काहीतरी फुटतं.

यावर रीतसर संशोधन झालेलं आहे. अबिगेल सस्मन आणि अ‍ॅडम ऑल्टर या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी २०१२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. नेहमीच्या खर्चाचा अंदाज माणसं बऱ्यापैकी बांधतात, अधूनमधून उपटणाऱ्या खर्चाचा मात्र फार कमी धरतात, असा त्याचा निष्कर्ष. कारणही त्यांनी दिलं आहे: असा प्रत्येक खर्च आपण सुटा, एकटा बघतो. हा एकदाच होणारा, तोही एकदाच होणारा. एकदाच होणाऱ्यांची रांग किती लांब आहे, हे मान वळवून कुणी पाहत नाही. म्हणून महिनाअखेरीला आपण एकमेकांना सांगतो की हा महिना जरा वेगळा होता. गेलाही वेगळाच होता. ज्याच्यासाठी अंदाजपत्रक केलेलं असतं तो नेहमीसारखा महिना आजवर कुणाच्या घरी आलेला मी तरी ऐकलेलं नाही.

यावर हिशेबी माणसं उत्तर देतात की रोजच्या रोज लिहा, म्हणजे सगळं आटोक्यात येतं. अशा वेळी मला थॉमस जेफरसन आठवतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारा हा गृहस्थ १७६७ पासून १८२६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, आपला खर्च टिपून ठेवत होता. जाहीरनामा मंजूर झाला त्या ४ जुलै १७७६ रोजीच्या नोंदीतही तापमापक घेतला, बायकांच्या हातमोज्यांचे सात जोड घेतले, थोडा दानधर्म केला, असं व्यवस्थित लिहिलेलं आहे. देश जन्माला येत होता त्या दिवशीही हातमोजे सुटले नाहीत. इतका चोख माणूस वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर एक लाख डॉलरहून अधिक कर्ज होतं, आणि नंतर त्याचं लाडकं घरही वारसांना विकावं लागलं.

त्याच्या कर्जाला कारणं पुष्कळ होती. सासऱ्याकडून वारशाने आलेलं देणं होतं, राहणी ऐसपैस होती. त्यात १८१८ साली एका स्नेह्याच्या वीस हजार डॉलरच्या कर्जाला तो जामीन राहिला. स्नेह्याचं दिवाळं निघालं आणि ते ओझं जामीनदाराच्या गळ्यात आलं. म्हणजे शेवटी घाव घातला तो ‘इतर’नेच. जामीनकीसाठी रकाना कोण आखतं? त्याच्या वह्यांचं संपादन करणाऱ्या अभ्यासकांचं मत असं की रोज लिहिण्याच्या त्या नेमामुळेच त्याला सगळं सुरळीत चाललं आहे असा भास होत राहिला. टिपणं भरपूर, पण एकूण देणं किती आणि येणं किती, याचा ताळा क्वचितच. रोजकीर्द होती, ताळेबंद नव्हता. मोबाइलमध्ये खर्चाची नोंद करून लगेच हलकं वाटून घेणाऱ्या सगळ्यांनी जेफरसनची तसबीर भिंतीवर लावायला हरकत नाही.

तेव्हा लिहिण्याइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, थांबून बेरीज करणं महत्त्वाचं. ती महिन्यातून एकदा केली तर फक्त हळहळ हाती लागते, पैसे तर गेलेले असतात. आठवड्यातून एकदा केली तर निदान उरलेल्या आठवड्यांत हात आखडता घेता येतो. रोज करू नये. रोज बेरीज करणारा माणूस घरातल्यांना फार काळ सहन होत नाही.

लिहायचं कशात, यावर लोक हिरिरीने भांडतात. आता अ‍ॅप आपोआप वर्गवारी करतं. सोय आहे खरी, पण त्याला फक्त दुकान कळतं, कारण कळत नाही. एकाच दुकानातून आईचं औषध घेतलं आणि मित्राला द्यायची भेटही घेतली, तर त्याच्या लेखी दोन्ही ‘खरेदी’. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरच्या जमाखर्चाची वही प्रसिद्ध केली. आज ‘काकेइबो’ या नावाने ती पद्धत जगभर सांगितली जाते. तिच्या सध्याच्या रूपात खर्चाची चारच घरं असतात: गरज, हौस, संस्कृती आणि अनपेक्षित. वर हातानेच लिहायचं, असा आग्रह. मला या चारांतलं चौथं घर फार आवडतं. अनपेक्षिताला तिथे कोपऱ्यात उभं केलेलं नाही, पंगतीत मानाचं पान दिलं आहे. येणार हे माहीत असलेल्या पाहुण्याचं नाव तेवढं माहीत नसावं, तसं.

आणि खरं सांगायचं तर ‘इतर’मधला निम्मा ऐवज अनपेक्षित नसतोच. विम्याचा वार्षिक हप्ता दर वर्षी त्याच तारखेला येतो आणि दर वर्षी आपण दचकतो. गाडीची देखभाल, शाळा सुरू होतानाची खरेदी, जवळच्यांचे वाढदिवस, एखादा प्रवास या सगळ्यांना पंचांगाइतकी पक्की तारीख असते. गेल्या वर्षाचं बँकेचं विवरण काढून अशा खर्चांवर खुणा कराव्यात, त्यांची बेरीज करावी, बाराने भागावं आणि येईल तो आकडा भाड्याइतक्याच निष्ठुरपणे दर महिन्याला बाजूला काढावा. पहिल्यांदा आकडा बघून पोटात गोळा येतो. पण तो खर्च आधीही होतच होता, फक्त त्याला महिना नेमून दिलेला नव्हता.

बाजूला काढलेले पैसे खरोखर वेगळ्या खात्यात ठेवावेत का? अर्थशास्त्राच्या चोख तर्काने पाहिलं तर काही गरज नाही. पैसा तो पैसा, कुठल्याही कप्प्यातला. माणूस मात्र तसा वागत नाही, हे रिचर्ड थेलर यांनी १९८५ सालच्या निबंधात मांडलं. मनात आपण पैशाला लेबलं चिकटवतो, बोनसचा पैसा सैल हाताने उडवतो आणि पगाराचा जपतो. थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पैशांची वेगवेगळी पाकिटं करून त्यांवर नावं लिहिणाऱ्या बायका हेच पूर्वापार करत आल्या आहेत. आपलं मन असं कप्पे करणार असेलच, तर त्या खोडीला कामाला लावावं. ‘दुरुस्ती’ असं नाव दिलेल्या खात्यातून सहलीला जाताना हात निदान एकदा तरी थबकतो.

मिळकत वाढली की हा रकाना आटोक्यात येईल, अशी आशा बाळगणाऱ्यांसाठी एक जुनी, जराशी खट्याळ नोंद आहे. १८५७ साली अर्न्स्ट एंगल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियममधल्या कुटुंबांचे जमाखर्च तपासून सांगितलं की कुटुंब जितकं गरीब, तितका खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. पुढे १८७५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या कामगार आकडेवारी खात्याचे प्रमुख कॅरोल राइट यांनी ते नियम नव्याने मांडले आणि त्यांत एक वाक्य असं घातलं की मिळकत वाढते तसा किरकोळ खर्चाचा वाटाही वाढतो. म्हणजे पगारवाढीने ‘इतर’ मिटत नाही, फोफावतो. यात वाईट काही नाही. पोट भरल्यावर माणूस जे जे करतो ते बहुतेक सगळं याच रकान्यात येतं. पुस्तकं, भेटी, छंद, कुणाला केलेली मदत. ज्या घराच्या वहीत ‘इतर’ शून्य आहे त्या घराला एक तर फार ओढाताण आहे, नाही तर तिथे कुणीतरी खोटं लिहितं आहे.

या खोट्याविषयी थोडं बोललं पाहिजे, कारण घराघरांतल्या वह्या त्यानेच बंद पडतात. वही दोघांची असेल तर प्रत्येक नोंद ही थोडीशी साक्षही असते. नवऱ्याने तिसरा हेडफोन घेतला, बायकोने भावाला पैसे दिले, एकाने दुपारी बाहेर खाल्लं. तसं लपवण्यासारखं यात काही नसतं, पण लिहिलं की प्रश्न येतो आणि प्रश्न आला की सूर येतो. मग ती रक्कम गुपचूप ‘किराणा’त घुसवली जाते आणि वही दोघांनाही फसवू लागते. म्हणून प्रत्येकाला, मिळवत्यालाही आणि न मिळवत्यालाही, एक ठरलेली रक्कम असावी जिचा हिशेब कुणी मागायचा नाही. वहीत तिचा फक्त एकच आकडा, तपशील नाही. मुलांनाही, लहान का होईना, अशी रक्कम असावी. कुणी ती उधळेल, कुणी साठवेल, कुणी त्यातून इतरांना काही घेऊन देईल. बघणाऱ्याने बघावं आणि ‘केवढ्याला पडलं’ हा ओठांवर आलेला प्रश्न गिळावा. अट एवढीच, की वीस तारखेला त्या रकमेत वाढ मागायची नाही. मागितलीच, तर ती ‘हौस’मध्ये लिहायची. ‘अनपेक्षित’मध्ये लिहू द्यायची नाही, कितीही रडून सांगितलं तरी.