खोकं उचलण्याआधीच्या दहा फ्रेम

मी संगणकावर अॅनिमेशन शिकते आहे, आणि गेल्या आठवड्यात माझ्या कॅरेक्टरने पहिल्यांदा जड खोकं उचललं. तसं दोन महिन्यांपूर्वीही उचललं होतं, पण तेव्हा त्या खोक्याला वजनच नव्हतं.

सुरुवात सगळ्यांची होते तशी माझीही चेंडूपासून झाली. टेबलावरून घरंगळलेला चेंडू जमिनीवर आपटून उसळतो, एवढंच करायचं होतं. माझा चेंडू खाली यायला २४ फ्रेम (एकामागोमाग दिसणारी स्थिर चित्रं) घ्यायचा, म्हणजे पूर्ण एक सेकंद. सरांनी तो दोनदा चालवून पाहिला आणि विचारलं, "हा फुगा आहे का गं?"

मग त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. मोकळी पडणारी वस्तू एका सेकंदात साधारण ४.९ मीटर खाली येते, अर्ध्या सेकंदात १.२ मीटर. पाऊण मीटर उंचीच्या टेबलावरून पडायला नऊ-साडेनऊ फ्रेम पुरतात. बघणाऱ्याला हे आकडे ठाऊक नसतात, पण त्याने जन्मभर वस्तू पडताना पाहिलेल्या असतात. डोळा फसत नाही.

मी ९ फ्रेम केल्या. तरी चेंडू दोरीला बांधून खाली सोडल्यासारखाच दिसायचा. फ्रेम बरोबर होत्या, पण दर फ्रेमला चेंडू सारखंच अंतर कापत होता. पडणारी वस्तू तसं करत नाही. वेळेचे समान तुकडे केले तर तिची अंतरं १, ३, ५, ७ अशी वाढत जातात. कागदावर चेंडूच्या जागा काढल्या की वर दाटीवाटी दिसते आणि खाली येईतो मोकळं होत जातं. टायमिंग म्हणजे किती फ्रेम, आणि स्पेसिंग म्हणजे त्या फ्रेममध्ये वस्तू कुठे कुठे आहे. हा फरक अंगात मुरायला मला तीन आठवडे लागले.

कॅरेक्टर अॅनिमेशनची बारा तत्त्वं डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये पुस्तकात मांडली. त्यांत पहिलं येतं स्क्वॉश अँड स्ट्रेच, म्हणजे हालचालीत वस्तूचं चपटं होणं आणि ताणलं जाणं. म्हणून आम्ही सगळेच चेंडू चपटा करायला धावलो. मी तो चपटा केला, पण तेवढाच रुंद केला नाही, त्यामुळे आपटताना तो क्षणभर लहान झाल्यासारखा वाटायचा. घनफळ तेवढंच राहायला हवं, हे तिथेच कळलं. पण मला मनापासून वाटतं की नवशिक्याने आधी टायमिंग आणि स्पेसिंगवरच बसावं. लोखंडी गोळा कुठे चपटा होतो? त्याचं वजन नुसत्या स्पेसिंगमधून आणि उसळी किती कमी आहे त्यातून दिसतं.

आता खोकं. पहिल्या प्रयत्नात माझं कॅरेक्टर वाकलं, हात खोक्याला लागले आणि त्याच फ्रेमपासून खोकं वर येऊ लागलं. ब्लॉकिंगमधल्या, म्हणजे आधी ठरवलेल्या मुख्य क्षणांच्या, पोज वाईट नव्हत्या. त्या स्प्लाइनवर, म्हणजे पोज वळणदार रेषांनी जोडणाऱ्या पद्धतीवर, टाकल्यावर संगणकाने मधल्या सगळ्या फ्रेम गुळगुळीत भरून दिल्या आणि सगळं पाण्याखाली चालल्यासारखं झालं. संगणक मधल्या जागा भरतो, पण वजन त्याला कळत नाही. ते आपणच ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचालीच्या आलेखात, एकेका वळणावर बसून घालायचं असतं.

शेवटी मी पुस्तकांनी भरलेलं खोकं स्वतः उचललं आणि मोबाइलवर बाजूने चित्रण केलं. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिलं. बोटं कडेखाली गेल्यावर जवळजवळ दहा फ्रेम खोकं हललंच नव्हतं! पण त्या दहा फ्रेममध्ये माझं सगळं शरीर हलत होतं: कंबर आणखी खाली गेली, खांदे ताणले गेले, कोपरं सरळ झाली, एक पाय थोडा मागे सरकला. उचलायला सुरुवात झाली ती कंबरेतून. हात नुसते दोरासारखे ताणलेले. खोकं सुटताच धड मागे झुकलं, कारण आता माझा आणि खोक्याचा मिळून भार पायांवर तोलायचा होता. डोकं सगळ्यांत शेवटी वर आलं.

अँटिसिपेशन म्हणजे उडी मारण्याआधी गुडघे वाकवणं, असं मी वहीत लिहून ठेवलं होतं. चुकीचं नाही ते, पण अपुरं आहे. त्या दहा फ्रेममध्ये कॅरेक्टर खोक्याचा अंदाज घेतं, आणि बघणाराही त्याच्याबरोबर घेतो.

मी सगळ्या कीज (कोणत्या फ्रेमला कोणती पोज, याच्या नोंदी) पुसल्या आणि फक्त कंबरेपासून पुन्हा सुरुवात केली. हातांचे कंट्रोल, म्हणजे ते हलवायची हँडल, दोन दिवस लपवूनच ठेवले. कंबर एकटीच खाली-वर होताना पाहूनही काहीतरी जड उचललं जातंय हे कळायला लागलं, तेव्हा पाठीचा कणा, मग डोकं, मग हात. सरांनी पाहिलं आणि या वेळी काही विचारलं नाही, फक्त म्हणाले, "आता खाली ठेव."

तेच सध्या चाललंय. जड खोकं सपाट खाली ठेवता येत नाही, बोटं अडकतात. आधी एक कड टेकवायची, त्या बाजूची बोटं काढायची, मग दुसरी बाजू हळूच सोडायची. ती दुसरी बाजू अजून फार लवकर पडते आहे. आज रात्री तिथे तीन फ्रेम वाढवून बघणार आहे.