लॅव्हनम: ओकचे सांगाडे आणि चुन्याच्या भिंती

लॅव्हनम बघायला सुरुवात चर्चपासून करावी, बाजारचौकापासून नाही. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफक परगण्यातलं हे गाव. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून मार्क्स टेपर्यंत आगगाडी, तिथे गाडी बदलून सडबरी, आणि पुढे बस. लॅव्हनमचं स्वतःचं स्टेशन १९६१ मध्येच प्रवाशांसाठी बंद झालं. रविवारी बसचा भरवसा धरू नये. परतीची वेळ आधी बघून ठेवावी. मोटारीने आलात तर चर्चजवळच सार्वजनिक वाहनतळ आहे. तिथून चर्च स्ट्रीट उताराने गावात उतरतो आणि सगळी छपरं एकदम नजरेत येतात.

चर्च आधी बघायचं कारण असं, की गावातला पैसा कुणाचा होता ते त्याच्या भिंतीवरच कोरलेलं आहे. मनोरा सुमारे ४३ मीटर उंच आहे. त्यावर ऑक्सफर्डच्या अर्लचा, म्हणजे ड व्हिअर घराण्याचा, पाच टोकांचा तारा दिसतो, आणि टॉमस स्प्रिंग या कापडव्यापाऱ्याच्या घराण्याची ढालही. एक जमीनदार, दुसरा व्यापारी, दोघांची चिन्हं एकाच मनोऱ्यावर. स्प्रिंग १५२३ मध्ये वारला. मनोरा पुरा करायला मृत्युपत्रात त्याने २०० पौंड ठेवले होते. पुढच्याच वर्षीच्या करनोंदीत या एवढ्याशा गावाने यॉर्कसारख्या शहरापेक्षा जास्त कर भरलेला दिसतो.

हा सगळा पैसा निळ्या कापडाचा. इथली लोकर वोड नावाच्या वनस्पतीने रंगवत. वोडमधलं रंगद्रव्य आणि आपल्याकडच्या निळीतलं रंगद्रव्य एकच, फक्त निळीत ते कितीतरी जास्त असतं. आंबवलेल्या रंगाच्या पिंपातून लोकर बाहेर येते तेव्हा पिवळट हिरवी असते, हवा लागली की डोळ्यांदेखत निळी होत जाते. या धंद्याला पाणी भरपूर लागे. उतार संपतो तिथे उजवीकडे वॉटर स्ट्रीट फुटतो. त्याच्या खालून ओढा विटांच्या बंदिस्त नाल्यातून वाहतो, नावही त्यावरूनच.

वॉटर स्ट्रीटवर मात्र सावकाश चालावं. घरं वाचायची तर ती इथेच.

लाकडी वाडा ज्याने बघितला आहे त्याला या घरांची रचना समजायला वेळ लागत नाही. वजन पेलतो तो लाकडी सांगाडा. भिंत नुसती मधली जागा भरते. तिकडे सागवान, इथे ओक. मधली भरणी म्हणजे चक्क कूड: ओकच्या उभ्या काठ्या, त्यांत हेझल या झुडपाच्या कामट्या विणलेल्या, त्यावर माती, शेण आणि पेंढा यांचा लगदा, वरून चुन्याचा हात. कोकणातलं कारवीच्या कुडाचं घर आठवत असेल तर इथे नवं शिकायला फक्त लाकडाचं नाव उरतं.

ओक वापरायचे तो ओलाच. वाळला की तो इतका टणक होतो की हत्यार चालत नाही. खांबाच्या टोकाला कुसू काढून ते तुळईच्या खाचेत बसवायचं आणि आरपार लाकडी खुंटी मारायची. कुसवातलं भोक मुद्दाम काही मिलिमीटर सरकवून पाडत. खुंटी ठोकली की ती सांधा आपोआप खेचून आवळते. खिळा लागत नाही. सांगाडा आधी सुताराच्या अंगणात जमिनीवर जुळवत, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरत, मग सुटा करून जागेवर उभारत. दाराच्या उंचीवर, तिरप्या उजेडात बघितलं तर काही लाकडांवर या खुणा अजून दिसतात.

सांगाडा सुटा होतो, म्हणून तो पळवताही येतो. वॉटर स्ट्रीट आणि लेडी स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा वूल हॉल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसरीकडे नेऊन उभारण्यासाठी खरोखरच उतरवला होता. गावकऱ्यांनी आणि वास्तुप्रेमींनी आवाज उठवला आणि लाकडं परत आली. आज तो शेजारच्या स्वॉन हॉटेलचा भाग आहे.

घरं वाकडी का, हा प्रश्न सगळेच विचारतात. ओलं लाकूड जागेवर वाळताना आक्रसतं, पिळवटतं. त्यात पुढे कुणी मधली आडवी तुळई कापून दार काढलेलं, कुणी भलीमोठी विटांची धुराडी आत घुसवलेली. हाय स्ट्रीटवरचं वाकडं घर याच कारणाने प्रसिद्ध आहे. पण वाकडं म्हणजे पडायला आलेलं नव्हे. खुंट्यांचे सांधे थोडं हलू देतात आणि तरीही धरून ठेवतात.

वरचा मजला रस्त्यावर पुढे आलेला दिसला की त्याच्या खाली उभं राहून वर बघावं. पुढे आलेल्या कड्यांची टोकं दिसतील. कड्या आडव्या, म्हणजे रुंद बाजू खाली, टाकलेल्या असतील तर घर बहुधा जुनं, मध्ययुगीन पद्धतीचं. लाकडाची ताकद उभ्या कडीत जास्त हे सुतारांना पुढे उमगलं. घर कोपऱ्यावर असेल आणि मजला दोन्ही रस्त्यांवर पुढे आला असेल, तर आत एक तुळई तिरपी, कोपऱ्याच्या दिशेने जाते आणि कोपऱ्याच्या खांबावर टेकते. हा खांब झाड उलटं करून घडवत. बुंध्याचा मुळांकडे रुंदावणारा भाग वर आला की तुळईला आयती बैठक मिळते. मला विचाराल तर सगळ्या लॅव्हनममधली सर्वांत हुशार गोष्ट हीच.

दर्शनी भागातले बारीक उभे खांब अगदी जवळजवळ लावलेले दिसतील, मधली फट जवळपास खांबाच्याच रुंदीची. मजबुतीसाठी एवढ्यांची गरज नव्हती. ओक महाग होता आणि तो परवडतो हे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायला हवं होतं. खिडकीच्या वरच्या तुळईच्या खालच्या अंगाला पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची रिकामी भोकं सापडली तर तिथे एके काळी काच नव्हती, नुसते लाकडी गज आणि आतून झडप. लेडी स्ट्रीटच्या तोंडाशी कमानदार माथ्याच्या रुंद खिडक्या आहेत, त्या जुन्या दुकानांच्या.

लेडी स्ट्रीटच्या चढाने वर आलं की बाजारचौक. कॉर्पस ख्रिस्ती गिल्डचा, म्हणजे गावातल्या एका धार्मिक मंडळाचा, गिल्डहॉल साधारण १५३० चा आहे. १५४७ च्या सुमारास गिल्डच बरखास्त झाल्या, म्हणजे ज्यांनी बांधला त्यांना तो वीस वर्षंही लाभला नाही. पुढे तो तुरुंग झाला, गरिबांचं कामघर झाला. आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि तिकीट काढून आत जाता येतं. चौकातल्याच लिट्ल हॉलमध्येही जावंच. त्याचा सर्वांत जुना भाग चौदाव्या शतकाच्या अखेरचा. हे घर ठरावीक मोसमातच उघडं असतं, वेळा आधी पाहाव्यात. अशा घरांत पूर्वी मधल्या दालनाला माळा नसे, चूल जमिनीच्या मधोमध आणि धूर छपरातून बाहेर. जिथे मूळ वासे टिकले आहेत तिथे त्यांवर काजळी अजून आहे. माळा आणि धुराडी सोळाव्या शतकात आली.

त्यानंतर पैसा आटला. कोल्चेस्टरला आलेले डच विणकर हलकं आणि स्वस्त कापड विणू लागले. लॅव्हनमचं जाड निळं कापड मागे पडलं. नवी विटांची घरं बांधायला ऐपत उरली नाही, म्हणून जुनी पाडली गेली नाहीत. फार तर पुढून गिलावा चढवून घेतला. आज ३०० हून अधिक इमारती संरक्षित यादीत आहेत.

भिंतींच्या गुलाबी रंगाबद्दल एक सांगायला हवं. चुन्यात बैलाचं रक्त मिसळत, ही गोष्ट इथे हमखास ऐकू येते. टिकाऊ गुलाबी येतो तो गेरूसारख्या लोहयुक्त मातीने. सफेदी दुधाइतकी पातळ, भिंत आधी ओली करून, चार-पाच हात द्यायची. कडक उन्हात किंवा दहिवरात दिली तर पापुद्रे सुटतात. खरा घात होतो सिमेंटने. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं, आणि ओल उतरते जोत्यावरच्या आडव्या तुळईत. वरून भिंत ठणठणीत दिसते, खाली लाकूड भुसभुशीत झालेलं असतं. काळ्या रंगाने रंगवलेली लाकडं ही नंतरची फॅशन. सफकचा ओक उघडा ठेवला की रुपेरी करडा होतो किंवा सफेदीखाली जातो.

ही माणसांची राहती घरं आहेत. खिडक्या थेट रस्त्यावर उघडतात, आत डोकावू नये. फोटो सकाळी दहाच्या आत काढावेत, नंतर चौक मोटारींनी भरतो. तारांचे खांब मात्र आड येत नाहीत, त्या तारा गावाने जमिनीखाली घातल्या आहेत. शेवटी चौकाच्या कोपऱ्यातून प्रेंटिस स्ट्रीटवर दोन मिनिटं उभं राहावं. रस्ता तीव्र उताराने खाली जातो आणि घरांच्या मधून समोर थेट शेतं दिसतात.